एका 'बी'ची दोन रूपं

प्रश्न : जर्मन संगीतकार बाखच्या 'बी मायनर मास' या चर्चसंगीताच्या रचनेच्या जर्मन सीडीवर 'एच मोल' छापलंय, फ्रेंच सीडीवर 'सी मिनर'. रचना तीन आहेत की पट्ट्या तीन?

रचना एक आणि पट्टीही एकच. हा सगळा घोळ एका अक्षराचा आहे. अकराव्या शतकात इटालियन संगीतशिक्षक ग्विदो दारेत्सोच्या काळी सुरांना लॅटिन अक्षरांची नावं होती. प्रत्येक अक्षराला एक सूर, अपवाद फक्त 'बी'चा. त्याचे दोन सूर, एकमेकांपासून अर्ध्या स्वराच्या अंतरावर. खालचा लिहिताना 'बी'चं पोट गोल काढायचे, वरचा लिहिताना चौकोनी. गोल तो 'मोल्ले' म्हणजे मऊ, चौकोनी तो 'दुरुम' म्हणजे कठीण.

जर्मन मुलखात हा चौकोनी 'बी' लिहिता-छापताना 'एच'सारखा दिसू लागला आणि तेच त्याचं नाव झालं. त्यामुळे इंग्रजांचा 'बी' तो जर्मनांचा 'एच', आणि इंग्रजांचा 'बी फ्लॅट', म्हणजे अर्धा स्वर उतरलेला 'बी', तो जर्मनांचा नुसता 'बी'. जर्मन स्वरलिपी वाचताना हे विसरलात तर अर्ध्या स्वराची चूक ठरलेली!

फ्लॅटची खूण आजही जवळून पाहा, ती छोटा 'बी'च आहे. नॅचरलची, म्हणजे न चढवलेल्या-उतरवलेल्या मूळ सुराची, खूण म्हणजे तोच चौकोनी 'बी', फक्त उजवीकडून एक दांडी खाली उतरलेली. शार्पची, म्हणजे सूर अर्धा स्वर चढवायची, खूणही त्याच चौकोनी अक्षरातून निघाली.

प्रश्न : फ्रेंचांचा 'सी' म्हणजे इंग्रजी 'सी' अक्षर का?

नाही. तो 'दो रे मी'मधला सातवा सूर. संत योहानाच्या लॅटिन स्तोत्रातल्या 'सांक्ते योआन्नेस' या शेवटच्या दोन शब्दांची लॅटिन आद्याक्षरं, 'एस' आणि 'आय', जोडून तो बनला. इंग्रजीत त्याचा पुढे 'टी' झाला. इंग्रजी 'सी' अक्षराचा सूर फ्रेंचमध्ये 'दो'.

प्रश्न : जर्मन 'मोल' म्हणजे आपला 'कोमल' असं म्हणता येईल का?

अर्थ जुळतो, पण जागा जुळत नाही. मध्ययुगात सहा-सहा सुरांचे गट असत. 'जी'पासून सुरू होणाऱ्या गटात कठीण 'बी' येई, 'एफ'पासूनच्या गटात मऊ. आता 'जी'पासून तिसरा सूर मोजा. कठीण 'बी' घेतला तर अंतर मोठं, मऊ घेतला तर लहान. मग तिसऱ्या सुराच्या अंतरावरूनच अख्ख्या पट्टीला 'डुर' ('दुरुम'वरून) किंवा 'मोल' ('मोल्ले'वरून) म्हणायची रीत पडली. इटालियन मंडळींनी सरळ 'माज्जोरे' आणि 'मिनोरे', मोठं आणि लहान, असं म्हटलं. इंग्रजी 'मेजर-मायनर' त्याच वळणाचे. चेक आणि हंगेरियन भाषांनी जर्मन शब्द उचलले. रशियन माणूस बोलताना 'माझोर-मिनोर' म्हणतो, पण पट्टीचं नाव लॅटिन अक्षरांत लिहिताना जर्मनांसारखं 'डुर-मोल' लिहितो.

म्हणजे 'मोल' अख्ख्या पट्टीचं नाव, आपला 'कोमल' एकेका सुराचा. आपल्या 'कोमल'ला खरा जवळचा शब्द फ्रेंच 'बेमोल', शब्दशः 'मऊ बी'. पोर्तुगीजमध्येही 'बेमोल'च, आणि गोव्यात चर्चच्या शाळांतून सोल्फेज, म्हणजे 'दो रे मी' म्हणत सूर वाचणं, शिकलेल्या वादकांना तो परका नाही. या दोन परंपरांमध्ये शब्दाची देवाणघेवाण झालेली नाही. तरीही पांढरी एकला, म्हणजे इंग्रजी 'सी'ला, सा धरून पेटीवर शोधलंत, तर युरोपातला तो पहिला मऊ सूर नेमका कोमल निषादावर सापडतो. मला हे फार सुंदर वाटतं.

प्रश्न : बाखने आपलं नाव सुरांत लिहिलं म्हणतात, ते कसं?

जर्मन नावांमुळेच ते जमलं. 'बी-ए-सी-एच' ही चारही अक्षरं तिथे सूर आहेत. 'आर्ट ऑफ फ्यूग'मधल्या शेवटच्या, अपुऱ्या राहिलेल्या फ्यूगमध्ये (एकच सुरावट निरनिराळ्या आवाजांत पाठोपाठ येणारी रचना) ती येतात. पांढरी एकमध्ये वाजवा : कोमल नी, ध, तार सा, शुद्ध नी. रशियन संगीतकार दिमित्री शोस्ताकोविचने तीच वाट धरली. दिमित्रीचा 'डी' आणि आडनावाच्या जर्मन स्पेलिंगची पहिली तीन अक्षरं घेऊन 'डी-एस-सी-एच'. यातला 'एस' म्हणजे जर्मन 'ई फ्लॅट'. त्याच्या 1953च्या दहाव्या सिंफनीत आणि 1960च्या आठव्या स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये (चार तंतुवाद्यांची रचना) हे सूर पुन्हा पुन्हा येतात. पेटीवर : रे, कोमल ग, सा, मंद्र नी. क्वार्टेट तर याच चार सुरांनी सुरू होतं, तेव्हा ऐकायला तिथूनच घ्या.