कल्पना पारखायची तर आधी गिऱ्हाईक गाठा

धंद्याची कल्पना सुचली असेल तर लोगो, नाव, वेबसाइट यांत सध्या वेळ घालवू नका. तुमची कल्पना जी अडचण सोडवणार आहे, ती ज्यांना खरंच येते अशा १०-१५ जणांशी बोला. नातेवाईक आणि मित्र त्यात धरू नका, ते मन राखायला ‘मस्त आहे’ म्हणतात. ‘असं काही आलं तर घ्याल का?’ हा प्रश्न तर टाळाच, कारण हो म्हणायला कुणाचे पैसे जात नाहीत. त्याऐवजी विचारा: ही अडचण शेवटची कधी आली? तेव्हा काय केलंत? त्यात किती पैसे, किती वेळ गेला? उपाय शोधायची तसदीही कुणी घेतली नसेल, तर दुखणं किरकोळ आहे. जुगाड करून भागवत असतील तर कान टवकारा. तुमचा खरा स्पर्धक बहुतेक वेळा तो जुगाडच असतो.

मग हिशेब. समजा विक्री १००, माल आणि पोचवण्याचा खर्च ६०, उरले ४०. नवं गिऱ्हाईक मिळवायला ५० लागत असतील, तर पहिल्या विक्रीत १० चा तोटा. तोच माणूस परत आला तर दुसऱ्या खेपेचे ४० धरून एकूण ३० शिल्लक. पण वस्तू एकदाच घ्यायची असेल तर? मग विक्री वाढेल तसा खड्डाही वाढेल. भाडं, पगार अजून यात धरलेलेच नाहीत, आणि स्वतःची मेहनत फुकट धरायची खोड नवख्यांना हमखास असते.

आकडे जुळले तर आगाऊ पैसे मागून बघा, न जमल्यास परत करायच्या अटीवर. किती जणांनी दिले तर पुढे जायचं, हा आकडा मात्र मागण्याआधीच लिहून ठेवा. नंतर मन पळवाटा काढतं.