हक्क बजावतात, अधिकार गाजवतात

प्रश्न असा आला आहे: 'अमेरिकेतल्या सरकारी शाळा आणि पालक यांच्याविषयीच्या एका विधेयकावर तिथल्या प्रतिनिधीगृहात मतदान झाले होते. त्याच्या बातम्या चाळताना एका ठिकाणी "पालकांच्या अधिकारांचे विधेयक पारित" असे वाचले, तर दुसऱ्या ठिकाणी "पालक हक्क कायदा मंजूर" असे. हक्क आणि अधिकार एकच का? आणि पारित बरोबर की मंजूर?'

पारितचे आधी उरकतो. मराठीत विधेयक संमत होते, मंजूर होते. पारित हिंदी बातम्यांबरोबर आले, आणि मंजूर घरात असताना त्याला आणण्याची काही गरज नव्हती. पण 'कायदा मंजूर' ही त्याहून मोठी चूक आहे. २४ मार्च २०२३ रोजी प्रतिनिधीगृहाने ते विधेयक २१३ विरुद्ध २०८ मतांनी संमत केले. विधेयक आणणाऱ्या रिपब्लिकन पक्षाच्याच पाच सदस्यांनी पक्षाची साथ सोडून विरोधात मत दिले. दुसऱ्या सभागृहाने, म्हणजे सिनेटने, ते विचारात घेतलेच नाही. म्हणजे कायदा झालाच नाही. एका सभागृहातून बाहेर पडलेले विधेयक हे विधेयकच असते, आणि बातमी देणाऱ्याला एवढे तरी कळायला हवे. जाता जाता आणखी एक: अमेरिकेतले 'पब्लिक स्कूल' म्हणजे सरकारी खर्चाने चालणारी, विनाशुल्क शाळा. आपल्याकडे ज्या शाळेची फी भरताना घाम फुटतो तिच्या पाटीवर 'पब्लिक स्कूल' लिहिलेले असते. भाषांतर करताना हे विसरून चालत नाही.

आता हक्क. कोश उघडा: हक्क म्हणजे अधिकार, अधिकार म्हणजे हक्क. हे एकमेकांकडे बोट दाखवणे मला मान्य नाही, आणि ज्यांनी ते कोशात घातले त्यांनी बोलती मराठी नीट ऐकली नाही असे माझे स्पष्ट मत आहे. क्रियापदे लावून बघा. हक्क बजावतात, अधिकार गाजवतात. हक्क सांगतात, अधिकार चालवतात. माणसाला अधिकारावरून दूर करता येते, हक्कावरून नाही; हक्क त्याचा त्यानेच सोडावा लागतो, म्हणून तर बहिणीपुढे कागद येतो तो हक्कसोडपत्राचा. 'हक्काचं घर', 'हक्काचं माणूस', 'हक्कानं रागावली' यांत अधिकार घालून बघा, वाक्य जागीच मरते. उलट 'गाण्यातला त्यांचा अधिकार मोठा' या वाक्यात हक्क बसत नाही, कारण तो अधिकार रियाजाने मिळवलेला असतो.

शब्दांच्या मुळातच हा भेद आहे. अधिकारातला 'अधि' म्हणजे वर. ज्याला वर नेमले तो अधिकारी. यज्ञाचा अधिकार कोणाला, ही मीमांसकांची, म्हणजे वेदांतल्या यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या पंडितांची, चर्चा पात्रतेची होती. अधिकाराला कोणीतरी देणारा लागतो, किंवा तो कमवावा लागतो. हक्क अरबी. मूळ शब्दात क दोनदा आहे. हिंदीच्या बोलण्यात त्यातला एक गळाला, मराठीने दोन्ही जपले. आणि मूळ अर्थ काय? सत्य! जे खरे, जे न्याय्य, जे ज्याचे त्याला पोचायला हवे, ते हक्क. बगदादमध्ये दहाव्या शतकात मन्सूर अल-हल्लाज हा सूफी 'अनल हक', म्हणजे 'मीच सत्य', म्हणाला असे सांगतात, त्यातला 'हक' हाच. मराठीत तो जुना अर्थ मेलेला नाही, तो नाहकमध्ये जिवंत आहे. 'नाहक त्रास दिला' म्हणजे अन्यायाने दिला. आणि हकनाक! हक-नाहक, खरे असो की खोटे, न्याय असो की अन्याय. ते घासत घासत हकनाक झाले, आणि 'हकनाक जीव गेला' असे आपण म्हणतो तेव्हा त्या जिवाबरोबर सत्यही गेले असे तो शब्द सांगत असतो. हा शब्द पहिल्यांदा उलगडला तेव्हा मी दिवसभर दुसरे काही वाचले नाही.

बजावणेही त्याच वाटेने आले. फारसीत 'जा' म्हणजे जागा, 'बजा' म्हणजे जागेवर. बजा आणणे म्हणजे काम तडीस नेणे. आपल्याकडे मतदानाचा हक्क बजावतात, वापरत नाहीत. हल्ली निवडणुकीच्या दिवशी 'मताधिकाराचा वापर केला' असे ऐकू येते तेव्हा माझा तोल जातो.

परका शब्द म्हणून हक्क टाकावा असे सांगणारे भाषाशुद्धीवाले आहेत. त्यांना मी एकच विचारतो. १९१५ साली 'गीतारहस्य' प्रसिद्ध करणाऱ्या टिळकांना 'कर्मण्येवाधिकारस्ते' ठाऊक नव्हते का? तरी स्वराज्य हा 'जन्मसिद्ध हक्क'च राहिला. माझे मत असे की ही निवड जाणून केलेली होती. जन्माने मिळते त्याला अधिकार म्हटले असते तर अधिकार देणारा सरकार कोण, हा प्रश्न लगेच उभा राहिला असता. हिंदीत त्याच घोषणेचे 'जन्मसिद्ध अधिकार' झाले, आणि आता ते फिरून आपल्याकडे येते आहे: मौलिक अधिकार, मानवाधिकार. अहो, संविधानाच्या मराठी प्रतीत 'मूलभूत हक्क' आहेत, राज्यात 'मानवी हक्क आयोग' आहे, विधानसभेत 'हक्कभंग' आणतात. अधिकारभंग कोणी आणलेला ऐकला आहे का? २००५ च्या कायद्याला मात्र 'माहितीचा अधिकार' म्हटले आणि २०१५ च्या कायद्याला 'लोकसेवा हक्क'. सरकारी भाषांतरकारांना स्वतःशीसुद्धा एकमत ठेवता आले नाही.

एका पालकसभेत हा फरक मी कानांनी ऐकला आहे. मागच्या बाकावरच्या एका बाईंनी मुलाची तपासलेली उत्तरपत्रिका बघायला मागितली. बाईंच्या हातात गुणपत्रकाची घडी होती, ती उलगडत आणि घालत होत्या. शिक्षक म्हणाले, 'तो अधिकार तुम्हाला नाही.' त्या म्हणाल्या, 'अधिकार तुमचाच राहू द्या सर. मी हक्कानं मागतेय, पोरगं माझं आहे.' कोणत्याही कोशापेक्षा मला त्या बाई प्रमाण वाटतात.

आणि अमेरिकेतला वाद नेमका याच फटीत आहे. त्या विधेयकाचे नाव 'पेरेंट्स बिल ऑफ राइट्स ॲक्ट'. यातले 'बिल' म्हणजे विधेयक नव्हे, ती हक्कांची सनद. शाळेने अभ्यासक्रम जाहीर करावा, ग्रंथालयातल्या पुस्तकांची यादी पालकांना द्यावी, अंदाजपत्रक दाखवावे, शिक्षकांना भेटू द्यावे, हे सगळे हक्क. त्या बाईंनी मागितले तसे. विरोधकांचे म्हणणे होते की याच्या आडून पुस्तकांवर बंदी येईल. म्हणजे एका घरच्या पालकाने सगळ्या वर्गाने काय वाचायचे ते ठरवायचे. तो हक्क राहत नाही, तो अधिकार होतो. त्यांच्या भाषेत दोन्हींना 'राइट्स'च म्हणतात, म्हणून दोन्ही बाजू तासन्‌तास बोलत राहतात. आपल्याला दोन शब्द मिळाले आहेत, आणि आपण ते एकमेकांत कालवतो याचा मला संताप येतो.

तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा १९२३ चा मेयर खटला तर आपल्या कामाचा आहे. पहिल्या महायुद्धानंतर नेब्रास्का राज्याने आठवी उत्तीर्ण होण्याआधी मुलांना परकी भाषा शिकवण्यास बंदी केली, आणि जर्मन शिकवणाऱ्या एका शिक्षकाला शिक्षा झाली. न्यायालयाने तो कायदा रद्द केला; मुलाला जर्मन शिकवून घेणे हा पालकांच्या स्वातंत्र्याचा भाग मानला. दोन वर्षांनी, १९२५ मध्ये, सगळ्या मुलांना सरकारी शाळेतच घालण्याची सक्ती करणारा ऑरेगनचा कायदाही गेला. मूल ही निव्वळ राज्यसंस्थेची निर्मिती नाही, असे न्यायालयाने म्हटले, आणि पालकांच्या हक्काला लागूनच कर्तव्याचाही उल्लेख केला. आपल्या संविधानात हक्क मुलाचा आहे, शिक्षणाचा. आणि २००२ च्या दुरुस्तीने आईवडिलांच्या किंवा पालकाच्या वाट्याला आले ते कर्तव्य. तिथे 'आईवडील' आणि 'पालक' वेगवेगळे आहेत हेही बघून ठेवा; पालक म्हणजे सांभाळणारा, आणि शाळांनी तो शब्द सरसकट आईबापांना लावला. त्यावर पुन्हा केव्हातरी.

तर तुमचा मथळा: 'पालक हक्कसनद विधेयक प्रतिनिधीगृहात २१३ विरुद्ध २०८ मतांनी संमत.'