दरवर्षी पॅप की पाच वर्षांनी एचपीव्ही चाचणी: डॉक्टरांच्या सल्ल्यात फरक का?

तुमचे वय 36 आहे, सोलापुरातील डॉक्टर गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी दरवर्षी पॅप तपासणी (तिथल्या पेशींची तपासणी) करायला सांगतात आणि पुण्यातील तुमच्या बहिणीला मात्र पाच वर्षांतून एकदा एचपीव्ही चाचणी (या कर्करोगाला कारणीभूत विषाणूची तपासणी) पुरेशी असल्याचे सांगितले गेले. तेव्हा आपले डॉक्टर जुन्या नियमांवर चालतात का, असे तुम्ही विचारले आहे. मी सोलापुरातच स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. नियमापुरते बोलायचे, तर बहिणीला मिळालेला सल्ला बरोबर आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली सर्वसाधारण स्त्रियांसाठी तिशीपासून दर 5 ते 10 वर्षांनी एचपीव्ही चाचणी सुचवली. केंद्र सरकारच्या 2016 च्या कार्यक्रमातही, चाचणी वेगळी (व्हीआयए, म्हणजे सौम्य आम्ल लावून गर्भाशयमुख डोळ्यांनी पाहणे) असली तरी, अंतर पाच वर्षांचेच आहे. एचपीव्ही हा विषाणू बहुतेकींच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो आणि टिकून राहिला तरी कर्करोग व्हायला सहसा दहा वर्षांहून अधिक काळ जातो. त्यामुळे दरवर्षी तपासल्यास बहुधा आपोआप बरे होणारे किरकोळ बदलच हाती लागतात आणि त्यांच्यापायी कॉल्पोस्कोपी (दुर्बिणीने गर्भाशयमुख पाहणे), बायोप्सी (तुकडा काढून तपासणे) व विनाकारण काळजी मागे लागते.

याचा एक भक्कम पुरावा आपल्या शेजारचाच आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांचा अभ्यास झाला. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एकदाच एचपीव्ही चाचणी देऊ केलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले, तर पॅप आणि व्हीआयएच्या गटांत तशी लक्षणीय घट दिसली नाही. इतक्या जवळचा पुरावा इथल्याच दवाखान्यांत उशिरा पोहोचावा, याचे मला नेहमी नवल वाटते.

तरीही डॉक्टर दरवर्षी का बोलावतात? सवय हे एक कारण, वार्षिक तपासणीची पॅकेजेस हे दुसरे. पण माझ्या मते खरे कारण वेगळे आहे. पाच वर्षांनी आठवण करून देणारी कोणतीही नोंदव्यवस्था लहान दवाखान्यांत नसते. पांढरे जाते म्हणून आलेली विडी कामगार स्त्री मजुरी बुडवून पुन्हा कधी येईल याची शाश्वती नसल्याने, ‘दरवर्षी या’ म्हटले की निदान तीन वर्षांनी तरी येईल, असा हिशेब मनात असतो. शिवाय एचपीव्ही चाचणी पॅपपेक्षा महाग पडते. हा हिशेब मला समजतो, पण पटत नाही, कारण नियमित येणाऱ्या तुमच्यासारख्या स्त्रीची तपासणी गरजेपेक्षा जास्त होते आणि इतर बहुसंख्य स्त्रियांची एकदाही होत नाही: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-5 नुसार देशातील 30 ते 49 वयाच्या अवघ्या 1.9 टक्के स्त्रियांनी ही तपासणी कधीतरी करून घेतली होती.

डॉक्टरांना आधीचे अहवाल दाखवून ‘एचपीव्ही चाचणी करता येईल का, आणि ती निगेटिव्ह आली तर पुढची कधी?’ असे सरळ विचारा. आधीच्या अहवालात दोष असेल किंवा एचआयव्हीसारख्या कारणाने प्रतिकारशक्ती कमी असेल, तर अंतर कमी ठेवणेच योग्य ठरते. संबंधानंतर रक्तस्राव होत असेल, तर मात्र हे वेळापत्रक लागू होत नाही; मागचा अहवाल कितीही चांगला असला, तरी त्याच आठवड्यात तपासून घ्या.