नवीन ग्राफिक्स कार्ड लावताना आधी एवढंच बघ
भावा, कार्ड एक नंबर घेतलंयस, घाबरू नकोस. सगळ्यात महत्त्वाची ती १६ पिनची पॉवर केबल, ती पूर्ण आत गेलीच पाहिजे, फट राहिली तर कनेक्टर तापून वितळू शकतो, आणि कॅबिनेटची काच बसत नाही म्हणून केबल कनेक्टरजवळच वाकवू नको, काच काही दिवस बाजूला राहिली तरी चालेल.

मग
- मॉनिटरची केबल कार्डला लाव, मदरबोर्डला नाही, नवीन लोक इथेच चुकतात
- विंडोजमध्ये रिफ्रेश रेट (स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं ते) बघ, बऱ्याचदा १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वरच चालत असतो

टेस्टला एखादा जड गेम तासभर खेळ आणि कार्डचं टेम्परेचर बघत रहा, ठाण्यात मे महिन्याच्या दुपारी एसी नसेल तर ७५-८० डिग्री दिसतीलच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे कार्ड ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं, सध्या अजिबात नको.