सायटेशनच्या आकड्यापायी उडालेली झोप

‘एवढे पेपर लिहिले, पण कोणी आपल्या लेखात त्यांचा संदर्भ (सायटेशन) देत नाही. मग संशोधक म्हणवून तरी कशाला घ्यायचं?’ वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवणाऱ्यांकडून हा प्रश्न हल्ली वरचेवर कानावर येतो. माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या सोलापुरातल्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंचा अनुभव त्यांच्या परवानगीने, ओळख बदलून सांगते. त्यांना सुजाता म्हणू.

सुजाता सहायक प्राध्यापक. सकाळी ओपीडी, दुपारी लेक्चर आणि निवासी डॉक्टरांचे थिसिस, रात्री मुलगा झोपला की मोबाइलवर गूगल स्कॉलर, म्हणजे कोणाच्या पेपरांना किती संदर्भ मिळाले ते दाखवणारी साइट. एच-इंडेक्स, म्हणजे या संदर्भांवरून निघणारा आकडा, ४. कालही तोच होता, तरी बघायचाच. पाठोपाठ पुण्यातल्या बॅचमेटचं प्रोफाइल. तिचा १९. “एका बेंचवर बसायचो ओ मॅडम आम्ही. ती कुठं, मी कुठं!” मग दोन-अडीचपर्यंत डोळा लागत नाही. प्रमोशनचा अर्जही ‘आकडा जरा सुधारू दे’ म्हणून तसाच पडलेला.

मी आधी तो आकडाच उघडायला लावला. माझी ही पद्धत काही सहकाऱ्यांना कोरडी वाटते, वाटो. काळजी ज्याची आहे ते मुळात खरं आहे का, हे नको बघायला?

एच-इंडेक्स हे माप होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडलं. तुमच्या सहा पेपरांना प्रत्येकी किमान सहा संदर्भ मिळाले, की तुमचा एच-इंडेक्स ६. एकाच पेपरला हजार मिळाले तरी त्याच्या एकट्याच्या जोरावर आकडा एकाच्या वर जात नाही. शाखेशाखेत हे आकडे वेगळे पडतात, हेही हिर्श यांनी तेव्हाच नोंदवलं होतं.

सुजाताच्या यादीत संदर्भ होते १४, ९, ६, ४, २, १. मी विचारलं, “आणि तो गजकर्णाचा पेपर?” त्याबद्दल त्या पहिल्याच भेटीत भरभरून बोलल्या होत्या. मेडिकलमधून आणलेलं स्टेरॉइडचं मलम चोळून चोळून अंगभर गजकर्ण पसरलेले पेशंट, त्यांच्यावरचा त्यांचा एमडीचा थिसिस. तो पेपर यादीत नव्हताच! तो माहेरच्या आडनावाने छापलेला, लग्नानंतरचे सगळे सासरच्या. गूगलच्या लेखी या दोन निराळ्या बायका. जुन्या नावावर असे चार पेपर सापडले: ३१, ११, ७, ३. ३१ वाला गजकर्णाचाच. ते प्रोफाइलला जोडल्यावर ४ चे ६ झाले. ऑर्किडचा (ORCID, संशोधकाची कायमची ओळख) सोळा अंकी क्रमांक काढून दोन्ही नावं त्याखाली आणा आणि स्कोपस या संशोधनलेखांच्या सूचीलाही दोन्ही नावं जोडायची विनंती पाठवा, असं सुचवलं. आडनाव बदललेल्या प्रत्येक डॉक्टरबाईने हे एकदा तपासावंच.

“चाराचे सहा झाले, एकोणीस थोडेच झाले?” सुजाता म्हणाल्या. बरोबर होतं. म्हणून बॅचमेटची यादीही नीट वाचली. तिच्याकडे अनेक केंद्रांत चाललेल्या औषध-चाचण्या आणि मोठे आढावालेख. असल्या लेखांना संदर्भ भरपूर मिळतात, सुजाता लिहितात तसल्या केस रिपोर्टना, म्हणजे एखाद्या पेशंटच्या आजाराच्या नोंदींना, क्वचित. शिवाय तिच्या पेपरांवर नावंही वीस-वीस जणांची.

मग राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा नियम काढून वाचला. बढतीसाठी पेपरांबद्दल तिथे पेपर किती, लेखकांत तुमचं नाव कितवं, जर्नल कुठल्या सूचीत, असं विचारलेलं. एच-इंडेक्सचं नावही नाही. ‘मग सगळे बोलतात ते?’ बोलतात. जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून (त्यातल्या लेखांना सरासरी किती संदर्भ मिळतात त्यावरून) एकेका लेखाची किंमत ठरवू नका, असं सांगणारा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१३ पासून आहे. स्टाफरूममध्ये तो अजून पोचायचा आहे.

एक मात्र त्यांना बजावून सांगितलं. ‘आदरणीय प्रोफेसर’ अशी सुरुवात करून आठवड्यात पेपर छापून देणारे आणि पैसे घेऊन सायटेशन वाढवून देणारे ईमेल अशाच रात्री उघडले जातात. सुजाताने एकाला उत्तर लिहून ठेवलं होतं, पाठवलं नव्हतं. माझ्यासमोरच पुसून टाकलं.

राहिली रात्रीची सवय. पुन्हा पुन्हा बघून दिलासा शोधला की तो दहा मिनिटं टिकतो आणि पुढची खाज जास्त येते; हे त्वचेच्या डॉक्टरला वेगळं सांगावं लागलं नाही. ठरलं असं: प्रोफाइल महिन्याच्या पहिल्या रविवारी, दिवसा, लॅपटॉपवर. मोबाइल रात्री हॉलमध्ये. बॅचमेटशी बोलायचं असेल तर फोन करायचा, तिचं प्रोफाइल उघडायचं नाही.

अर्ज त्यांनी भरला. झोपही बरीच सुधारली. परवा मात्र फोनवर सांगत होत्या, परिषदेच्या आदल्या आठवड्यात रोज रात्री आकडा बघितला. परिषदेला बॅचमेट येणार होती. तो आठवडा आता पुढच्या भेटीत घेऊ.