अंडरग्राउंड रॉक बँड म्हणजे नेमकं काय? असा बँड सुरू कसा होतो?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही चौघं मित्र इंग्रजी बँडची गाणी वाजवता, हॉल कुणी देत नाही, पैसे तर नाहीतच, मग स्वतःला अंडरग्राउंड म्हणवून घ्यायला हरकत काय? म्हणा की. कॉलेजात मी बास वाजवायचो. गॅदरिंगला आमचा नंबर सगळ्यात शेवटी लावला आणि दहाच्या ठोक्याला मेन स्विच पाडला. तेवढ्या भांडवलावर आम्ही वर्षभर अंडरग्राउंड होतो!

मग एका मित्राने एक रेकॉर्डिंग ऐकवलं. खाली बासची एकच ओळ फिरून फिरून येतेय, वर व्हायोला (व्हायोलिनचा थोरला भाऊ) करवतीसारखा चाललाय, सॅक्सोफोन किंचाळतोय आणि गाणारा माणूस गात नसून तक्रार नोंदवतोय असं वाटत होतं. मी म्हटलं, टेप खराब आहे. टेप चांगली होती. तो तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या प्राग शहरातला 'प्लॅस्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स' हा बँड होता, आणि तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडे असलेलं उत्तर म्हणजे या बँडची पहिली आठ वर्षं.

ऑगस्ट 1968 मध्ये सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात घुसले आणि महिनाभरात हा बँड सुरू झाला. यामागे काही क्रांतीचा बेत वगैरे नव्हता. मिलान ह्लावसा हा खाटकाचं काम शिकलेला 17 वर्षांचा पोरगा. त्याला व्हेल्व्हेट अंडरग्राउंड हा अमेरिकन बँड आणि फ्रँक झापा हा अमेरिकन रॉक संगीतकार यांचं वेड. बँडचं नावसुद्धा झापाच्या एका गाण्यावरून उचललेलं. तोंडं रंगवायची, अंगाला चादरी गुंडाळायच्या, स्टेजवर आग पेटवायची, हा त्यांचा सुरुवातीचा कार्यक्रम. थोडक्यात, तुमच्याआमच्यासारखेच.

फरक पडला तो परवान्यामुळे. आपल्याकडे नाटकाची संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते. तिथे वादकालाच पास व्हावं लागे. पास झालात तर सरकारकडून वाद्यं, तालमीला जागा आणि ठरलेल्या दराने बिदागी. रणगाडे आल्यानंतर अटी वाढल्या: केस कापा, इंग्रजी नाव बदला, गाणी बदला. बऱ्याच बँडनी केस कापले. यांनी नाही कापले, म्हणून 1970 मध्ये परवाना गेला आणि वाद्यंही परत करावी लागली. मग गिटार आणि कीबोर्ड वाजवणारा योसेफ यानीचेक कामाला लागला. तो मूळचा गाड्यांचा मेकॅनिक. त्याने जुने ट्रान्झिस्टर रेडिओ उघडून त्यांच्या भागांतून अॅम्प्लिफायर जोडले. तो खरखरीत आवाज पुढे त्यांची ओळख झाला, पण सुरुवातीला ती निव्वळ नड होती.

आता माझा आवडता प्रसंग. इवान यिरोउस नावाचा कलासमीक्षक त्यांचा कर्ताधर्ता झाला होता. टोपणनाव 'मागोर', म्हणजे वेडा. परवाना नाही, पण हा माणूस कलाकारांच्या अधिकृत संघटनेचा सभासद. त्यामुळे व्याख्यानासाठी हॉल मिळायचा. विषय: अँडी वॉरहॉल, म्हणजे व्हेल्व्हेट अंडरग्राउंडचा पाठीराखा असलेला अमेरिकन चित्रकार. यिरोउस थोडा वेळ स्लाइड दाखवणार आणि मग 'वॉरहॉलशी संबंधित बँडची गाणी कशी असतात' याचं प्रात्यक्षिक म्हणून प्लॅस्टिक पीपल पुढे दोन तास वाजवणार. आपल्या कीर्तनासारखंच: पूर्वरंग लवकर आटपायचा, लोक बसलेले असतात आख्यानासाठी.

तोवर ते इंग्रजीतच गात होते. पॉल विल्सन नावाचा एक कॅनेडियन प्रागमध्ये इंग्रजी शिकवत होता. तो 1970 ते 72 त्यांचा गायक होता आणि शब्द समजावून सांगण्याचं कामही त्याच्याकडेच होतं. नंतर सॅक्सोफोनवाला व्राटिस्लाव ब्राबेनेत्स आला, तो अट घालूनच: दुसऱ्यांची गाणी बंद, आपलीच वाजवायची, तीही चेक भाषेत. माझ्या मते बँड खरा इथे सुरू झाला, आधीची चार वर्षं म्हणजे रियाज. ह्लावसाने कवी एगॉन बाँडीच्या कविता घेतल्या. त्यात सरकारविरोधी घोषणा असतील असं वाटेल. एक गाणं चक्क बद्धकोष्ठावर आहे. (हा बाँडी गुप्त पोलिसांनाही माहिती पुरवायचा, हे पुढे बाहेर आलं. असो.)

मराठीत 'भूमिगत' म्हटलं की डोळ्यांपुढे बेचाळीस येतं: वेषांतर, खोटी नावं, रात्रीचे निरोप. यांचं तसं काही नव्हतं. सगळ्यांची नावं-पत्ते पोलिसांकडे होते. ते लपले नव्हते, फक्त अधिकृत यादीत नव्हते. लपवायचा तो कार्यक्रम. जागा आयत्या वेळी तोंडी कळायची आणि लोक ट्रेनने जाऊन पुढे शेतातून, बर्फातून चालत पोहोचायचे. तरी मार्च 1974 मध्ये चेस्के बुद्येयोवित्से इथे पोलिस आधीच हजर होते. बँड वाजवायच्या आतच स्टेशनच्या भुयारी मार्गात लोकांना लाठ्यांनी झोडपून परतीच्या गाडीत कोंबलं.

राहिला एक मार्ग: लग्न. खासगी समारंभात कोण वाजवतंय यावर सरकारचं लक्ष कमी. आपल्याकडे 'बँड' म्हटलं की आजीला वरातच आठवते. प्रागच्या या लोकांनी खरोखरच लग्नात वाजवून बँड जगवला. 21 फेब्रुवारी 1976 ला खुद्द यिरोउसचं लग्न होतं, बोयानोवित्से गावात. बरेच बँड वाजले. पुढच्याच महिन्यात धरपकड झाली आणि सप्टेंबरमध्ये खटला. आरोप राजद्रोहाचा नव्हता, हुल्लडबाजीचा होता. यिरोउसला 18 महिने, दुसऱ्या बँडच्या पावेल झायीचेकला 12, ब्राबेनेत्सला 8 आणि स्वातोप्लुक कारासेक या गाणाऱ्या पाद्र्यालाही 8. म्हणजे चौघांत प्लॅस्टिक पीपलचा वादक एकच. खटला बघायला नाटककार वाच्लाव हावेल येऊन बसायचे, आणि त्यातूनच जानेवारी 1977 मध्ये 'चार्टर 77' हे मानवी हक्कांचं निवेदन निघालं.

तुमच्या चौघांबद्दल एकच विचारतो: त्या इंग्रजी गाण्यांमध्ये तुमचं स्वतःचं, मराठीतलं एखादं आहे का? असेल तर कमेंटमध्ये टाका. रेकॉर्डिंग खराब असलं तरी चालेल.