स्वीडनच्या शालेय वाचनपुस्तकांत बालपण आणि कुटुंब कसं दाखवलं जातं?

मी आठ वर्षं स्वीडनमध्ये राहते. भाषा शिकताना जुन्या बाजारातून मुलांची क्रमिक पुस्तकं आणायची सवय लागली, त्या जोरावर सांगते.

आमच्या शेजारी सत्तरीतलं एक जोडपं राहतं. पहिलीतलं कुठलं वाक्य आठवतं, असं विचारल्यावर काकू म्हणाल्या, "फार रूर, मूर एर रार." म्हणजे बाबा होडी वल्हवतात, आई गोड आहे. काका म्हणाले, छे, "मूर रूर, फार एर रार"! कॉफी गार होईपर्यंत वाद चालला. आपल्या 'कमल नमन कर'सारखंच हे, मोजक्या अक्षरांत जुळवलेलं. पण त्याच अक्षरांत दोन्ही वाक्यं बसतात की! वल्हं कोणाच्या हातात द्यायचं हे अक्षरं नाही, पुस्तक लिहिणारा ठरवतो. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर साधारण हेच आहे.

तिथे १८४२ साली गावोगावी शाळा काढायचा कायदा झाला. सुरुवातीला वाचन म्हणजे मुख्यतः ख्रिस्ती धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरची धर्मप्रश्नोत्तरी. तिच्या शेवटी नवऱ्याने, बायकोने, मुलांनी, नोकरांनी कसं वागायचं याची यादीच असे. मूल म्हणजे ऐकणारं, बस्स. १९१९ च्या अभ्यासक्रमात ही प्रश्नोत्तरी गेली.

त्याआधीच १९१२ साली आन्ना मारिया रूस यांचं 'सोरगोर्डेन' हे शालेय वाचनपुस्तक आलं होतं. शेतावरचं घर, गुरंढोरं, ऋतू, मायाळू आईबाप. (या बाई १९३८ साली वारल्या त्या भारतात, हे कळलं तेव्हा मी चकित झाले.) पुस्तक इतकं रुजलं की अतिगोड, खोट्या वाटणाऱ्या सुखाला स्वीडिशमध्ये आजही 'सोरगोर्डस-इडिल' म्हणतात. वाचायला छानच आहे. पण त्याच काळात मोठ्या जमीनदारांकडे सालाने राबणारी 'स्टाटारे' कुटुंबं होती. मजुरी बरीचशी धान्यादुधात, आणि ऑक्टोबर संपता संपता बिऱ्हाड गाडीवर टाकून पुढचा मालक गाठायचा. ही पद्धत १९४५ साली बंद झाली. त्या घरातलं पोर हे पुस्तक उघडून कोणाचं घर बघत असेल?

म्हणून मला स्वीडिश लेखिका सेल्मा लागरलॉफचं निल्स होल्गरसन या मुलाचं पुस्तक जास्त खरं वाटतं. शिक्षक संघटनेने भूगोलाचं वाचनपुस्तक म्हणून लिहून घेतलेलं, १९०६-०७ मध्ये दोन भागांत आलेलं. आईबाप चर्चला जातात, चौदा वर्षांच्या आळशी निल्सला प्रवचन वाचत बसवून. तो घरातल्या जादूच्या बुटक्याची खोडी काढतो, स्वतःच अंगठ्याएवढा होतो आणि हंसाच्या पाठीवरून देश बघतो. हे बहुतेकांना ठाऊक असतं.

मला मात्र याच पुस्तकातली ओसा आणि तिचा धाकटा भाऊ मॅट्स सोडत नाहीत. आईने एका आजारी भटक्या बाईला घरात आसरा दिला, आणि मग एकेक भावंडं क्षयाने गेली. बापाला वाटलं, त्या बाईचा शाप लागला. तो घर सोडून उत्तरेला निघून गेला. आईही गेली. पुढे गावात कोणी क्षयावर व्याख्यान दिलं, तेव्हा मुलांना कळलं की हा शाप नाही, संसर्ग आहे. एवढंच बापाला सांगायला दोघं अख्खा देश पायी तुडवतात. माल्मबेर्येतच्या खाणीत सुरुंगाचे दगड लागून मॅट्स मरतो. तर ही चिमुरडी खाणीच्या साहेबापुढे उभी राहून भावाची अंत्ययात्रा मोठ्या माणसासारखी निघाली पाहिजे, असं पटवून देते. आणि हे शाळेच्या पुस्तकात बरं का!

नंतरचं थोडक्यात. १९५८ साली प्राथमिक शाळेत आणि १९७९ साली घरातही मुलांवर हात उगारायला बंदी आली. १९७४ पासून बाळासाठीची पगारी रजा बापालाही मिळू लागली. आता पुस्तकात फ्लॅट असतो आणि बाबा भांडी घासतात. मला त्यातली काही जरा उपदेशीच वाटतात, प्रश्नोत्तरीचीच नात म्हणावी अशी.

परवा लेक दुसरीचं पुस्तक घेऊन आली. त्यातला मुलगा शुक्रवारी दप्तरात टेडी कोंबतो, कारण आईबाप वेगळे राहतात आणि पुढचा आठवडा बाबांच्या घरी. तिने चित्र नीट पाहिलं आणि विचारलं, "आई, आपल्याकडे बाबांचा आठवडा कधी असतो?" नवरा पोळ्या लाटत होता. म्हणाला, "चालूच आहे."